कमरेचं हाड, कंपनीचं हाड आणि फेकून दिलेलं हाड

मागे आवाज पोचतोय ना? ठीक.

पत्रिकेवर आजचा विषय ‘मानेच्या शस्त्रक्रियेतील नवीन पर्याय’ असा छापला आहे. मला त्यातल्या ‘नवीन’ या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. कुणी ऑपरेशन करून घ्यावं की नाही, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही आणि तुमचे सर्जन ठरवाल. मी वाचक आहे. मानेचे दोन मणके एकमेकांना जोडताना मधल्या फटीत जे भरतात, त्याविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं. कवितासंग्रहाची समीक्षा होते तशी त्या शोधनिबंधांचीही व्हायला हवी. काय सांगितलं, काय गाळलं आणि कुणाला नजरेसमोर ठेवून लिहिलं, हे प्रश्न तिथेही लागू पडतात.

आधी ऑपरेशन समजून घेऊ. मानेत सात मणके. दोन मणक्यांच्या मधली गादी झिजली, बाहेर सरकली किंवा कडेला हाडाची टोकं वाढली की नस दाबली जाते. हाताला मुंग्या येतात, कळ दंडातून खाली बोटांपर्यंत जाते. मज्जारज्जूच दाबला गेला तर प्रकरण गंभीर होतं. शर्टाचं बटण लागेनासं होतं, चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. मग गळ्याच्या पुढच्या बाजूने छोटा छेद घेऊन, अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारून ती गादी काढतात. आता फट उरली. ती भरून वरचा आणि खालचा मणका मिळून एकच हाड व्हावं, असा बेत असतो. बाल्टिमोरच्या स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी ही पद्धत 1955 मध्ये पहिल्यांदा मांडली आणि 1958 मध्ये सविस्तर लिहिली. त्याच वर्षी होनोलुलूच्या क्लोवर्ड यांनी आपली वेगळी रीत छापली. म्हणजे पद्धत साठ वर्षांहून जुनी आहे. नवी आहे ती फट भरण्याची वस्तू.

स्मिथ-रॉबिन्सन यांनी फट भरली ती रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून. त्याला ग्राफ्ट म्हणतात, मराठीत कलम म्हणता येईल, पण कोकणात तो शब्द थोडा फसवतो. हापूसच्या कलमात आणलेली फांदी जगते आणि तीच फळ देते. हाडाच्या कलमात आणलेला तुकडा बहुतांशी मरतो, आणि जागचं हाड हळूहळू त्यात शिरून त्याची जागा घेतं. म्हणजे त्याचं काम वेलाच्या मांडवासारखं. मात्र रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या हाडात मांडवाशिवाय आणखी दोन गोष्टी असतात, हाड बनवणाऱ्या काही जिवंत पेशी आणि ‘इथे हाड बनवा’ असा निरोप देणारी प्रथिनं. बाजारातले पर्याय तपासताना एवढंच विचारायचं, की या तिन्हींपैकी यात काय आहे? हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे म्हणजे नुसता मांडव. क्षार काढून टाकलेल्या हाडाच्या पुटीत मांडव आहे आणि थोडा निरोपही आहे. बीएमपी म्हणजे मोठ्याने ओरडून दिलेला निरोप. त्याच्याकडे येऊच.

तर मग स्वतःचंच हाड सगळ्यात चांगलं, तेच घ्यावं, वाद कशाला? वाद कमरेवरून आहे. 2003 मध्ये सिल्बर आणि सहकाऱ्यांनी एक साधं काम केलं. एकाच पातळीवर मान जोडलेल्या आणि त्यासाठी कमरेचं हाड काढलेल्या 134 जणांना, सरासरी चार वर्षांनंतर, विचारलं की कमरेचं कसं आहे? सुमारे 26 टक्के लोकांची कंबर तेव्हाही दुखत होती. मान बरी, कंबर दुखते. जवळपास 13 टक्क्यांना चालण्याचा त्रास होता. कंपन्यांच्या प्रत्येक जाहिरातपत्रकाचा पाया हा असा आकडा असतो, आणि आकडा खोटा नाही.

आता हाच आकडा घेऊन आपल्याकडे या. नेरळकडची किंवा चौककडची एखादी लावणी करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. कमरेच्या हाडाची जी वरची कड सर्जन कापतो, तिथेच कळशी टेकते. तिथेच मूल कडेवर बसतं. परकराची नाडी आणि लुगड्याची गाठ तिथेच आवळली जाते. त्या कडेजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारी एक नस जाते. ती दुखावली की मांडीचा तेवढा भाग बधिर होतो किंवा जळजळतो. अमेरिकेतल्या त्या प्रश्नावलीत कपडे घासतात का, हे विचारलेलं आहे, नाही असं नाही. पण पँटचा पट्टा एक भोक सैल करता येतो. चिखलात कमरेतून वाकून दिवसभर आवण लावायचं, उकिडवं बसून भांडी घासायची, मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा, याचा रकाना त्या कागदावर नाही. तेव्हा ‘गरीब पेशंट आहे, कमरेचं हाड घेऊ, फुकट पडेल’ असं म्हणतात तेव्हा ते बिलापुरतं फुकट असतं. बिलात न दिसणारा खर्च आषाढात निघतो. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे कंपन्यांवर टीका करणार आहे, आणि त्यावरून कुणी ‘म्हणजे जुनं तेच बरं’ असा अर्थ काढू नये.

आता बीएमपी.

1965 मध्ये मार्शल युरिस्ट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने दाखवलं, की क्षार काढलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथे, स्नायूत, नवं हाड तयार होतं. त्या हाडात निरोप देणारं काही तरी होतं. हा शोध मोठाच. पुढे ते प्रथिन कारखान्यात बनवता येऊ लागलं, आणि मेडट्रॉनिकचं ‘इन्फ्यूज’ जुलै 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, मंजूर केलं. पण मंजुरी होती ती कमरेच्या मणक्यासाठी, पोटाकडून केलेल्या शस्त्रक्रियेत, ठरावीक पिंजऱ्यासोबत वापरायला. मानेसाठी नव्हती. तरी मानेत ते भरायला सुरुवात झाली. कमरेचं हाड न कापता, स्पंजाचा तुकडा प्रथिनात भिजवला आणि ठेवला की झालं, असं ते आकर्षण होतं. 2003 मध्ये मानेवरची पहिली छोटी चाचणी छापून आली, 33 रुग्णांची. निष्कर्ष आश्वासक.

मग 1 जुलै 2008 रोजी एफडीएने इशारा काढला. मागच्या चार वर्षांत मानेत बीएमपी वापरल्यानंतरच्या गुंतागुंतीच्या किमान 38 तक्रारी आल्या होत्या. गळ्याला सूज, गिळता न येणं, श्वास कोंडणं. काहींना श्वासनलिकेत नळी घालावी लागली, काहींच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करावी लागली. यातला एक तपशील आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. बहुतेक त्रास ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सुरू झाला. म्हणजे पेशंट घरी गेल्यावर. न्यूयॉर्कमध्ये घरी गेल्यावर गळा सुजला तर रुग्णवाहिका येते. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीत रात्री दोन वाजता सुजला तर? धोक्याची टक्केवारी दोन्हीकडे एकच असेलही, धोका एक नाही. निबंधात हे लिहिलेलं नसतं, वाचणाऱ्याने जोडून घ्यायचं असतं.

जून 2011 मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ या नियतकालिकाने जवळजवळ सगळा अंक या प्रकरणाला दिला. कॅरागी आणि सहकाऱ्यांनी कंपनीच्या पैशातून झालेले मूळ 13 निबंध पुन्हा वाचले. त्यांत 780 रुग्णांना बीएमपी दिलेलं होतं आणि त्यामुळे झालेला एकही दुष्परिणाम नोंदलेला नव्हता. एकही नाही! मंडळी, 780 माणसांना नुसतं चहा-बिस्किट दिलं तरी चार जणांचं पोट बिघडतं. एफडीएकडची कागदपत्रं आणि इतर अभ्यास लावून पाहिल्यावर त्यांचा अंदाज निघाला तो शस्त्रक्रियेच्या मार्गानुसार 10 ते 50 टक्के. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 2012 मध्ये, अमेरिकन सिनेटच्या समितीने अहवाल दिला, की 1996 ते 2010 या काळात कंपनीने या निबंधांच्या लेखक डॉक्टरांना वेगवेगळ्या वाटांनी सुमारे 21 कोटी डॉलर दिले, आणि मसुदे लिहिण्या-सुधारण्यात कंपनीच्या माणसांचा हात होता.

कंपनीच्या बाजूचंही एक सांगायला हवं. 2011 मध्ये तिने आपल्याकडची चाचण्यांची मूळ माहिती येल विद्यापीठाच्या हवाली केली, तिऱ्हाइतांनी तपासावी म्हणून. हे सहसा कुणी करत नाही. दोन स्वतंत्र गटांनी तपासली, जून 2013 मध्ये निकाल आले. कमरेच्या हाडाच्या तुलनेत रुग्णाला जाणवेल असा ठळक फायदा त्यांना दिसला नाही.

ही गोष्ट आता जुनी झाली, असं काही सर्जन म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, मानेच्या पुढून बीएमपी भरणं बहुतेकांनी सोडलं. मी ती एवढ्या विस्ताराने सांगितली कारण त्या निबंधांत वाचण्याची जी सवय लागली, ती सुटलेली नाही. सवय अशी: एक्सरेत फट पांढरी दिसली की ‘यश’ लिहायचं. हाड जुळलं हे सर्जनचं यश. बटण लागलं, चप्पल निसटायची थांबली, हे रुग्णाचं. दोन्ही बरोबर चालतातच असं नाही. 2011 च्या कॉक्रेन समीक्षेत एक-दोन पातळ्यांवर मान जोडण्याच्या पद्धतींचे 33 अभ्यास, मिळून 2,267 रुग्ण एकत्र घेतले होते. अभ्यास लहान, अनेक कच्चे, हे त्या समीक्षकांनीच म्हटलंय. तरी वेदना कमी होण्यात पद्धतीपद्धतीत फारसा फरक सापडला नाही. त्यांत नुसती गादी काढून काहीच न भरलेले रुग्णही होते! याचा अर्थ भरूच नये असा नाही. फट मिटली तर मान पुढे झुकते, नसेची वाट पुन्हा अरुंद होते. पण दोन पदार्थांमधल्या चार-पाच टक्क्यांच्या फरकावर कुणी कर्ज काढायला सांगत असेल, तर हा निष्कर्ष आठवावा.

आता शीर्षकातलं तिसरं हाड.

नोव्हेंबर 2015 मध्ये एफडीएने मानेच्या एका पातळीसाठी ‘आय-फॅक्टर’ नावाचा पर्याय मंजूर केला. बारीक प्रथिनतुकडा आणि खनिज दाणे यांचं मिश्रण आहे ते. 319 रुग्णांची चाचणी झाली, बीएमपीच्या निबंधांपेक्षा कितीतरी नीट. एका वर्षाने हाड जुळलं नव्या पदार्थात सुमारे 89 टक्के, तुलनेच्या गटात 86 टक्के. दावा ‘कमी नाही’ एवढाच होता आणि तो सिद्ध झाला. जुळणं, त्रास कमी होणं, नसांचं काम आणि सुरक्षितता या चारही कसोट्या एकत्र धरल्या तर 69 विरुद्ध 57, म्हणजे नव्याच्या बाजूने फरक. तोही मी लपवणार नाही. पण वाचताना माझी नजर अडली ती तुलनेच्या गटावर. त्या लोकांना काय दिलं होतं? कमरेचं हाड नव्हे. मानेच्या त्याच छेदातून, मणक्याची वाढलेली टोकं काढताना जो हाडाचा चुरा निघतो, तो गोळा करून दुसऱ्या माणसाच्या, म्हणजे दान केलेल्या, हाडाच्या कडीत भरला होता.

म्हणजे जे हाड एरवी बादलीत जातं, ते! त्याने 86 टक्के काम केलं. त्याला वेगळा छेद नाही, कमरेला हात नाही, किंमत नाही.

माझा मूळ आक्षेप इथे आहे. पंचवीस वर्षं पर्यायी हाडाची विक्री कमरेच्या दुखण्याच्या भीतीवर चालली. ‘यांचं घ्या, नाहीतर कंबर कापावी लागेल.’ पण झिजेच्या साध्या, एका पातळीच्या ऑपरेशनात कंबर कापणं हा एकमेव दुसरा रस्ता राहिलेलाच नाही. पिंजरा, ज्याला केज म्हणतात, तो बसवला की भार तो घेतो. आतल्या पोकळीत जेमतेम चिमूटभर हाड लागतं. ते जागेवर मिळू शकतं. नेहमी मिळतंच असं नाही. सर्जनने टोकं चिमट्यासारख्या हत्याराने तोडली तर तुकडे मिळतात, ड्रिलने उडवली तर पुष्कळसं पाण्याबरोबर सक्शनमध्ये जातं. तरुण पेशंटची नुसती गादी सरकली असेल तर वाढलेली टोकंच नसतात. तीन पातळ्या जोडायच्या असतील तर पुरत नाही. द्रुतगती महामार्गावरच्या अपघातात किंवा झाडावरून पडून मान मोडली असेल तर गणितच वेगळं, तिथे स्थैर्य आधी. एवढे अपवाद मान्य करूनही, बिलावर पर्यायी हाडाची ओळ दिसली की ‘आतल्या हाडाचं काय केलंत?’ हा प्रश्न राहतो, आणि तो विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

पिंजरा कशाचा, यावरही बरंच छापलं जातं. पीक नावाचं प्लास्टिक की टायटॅनियम? पीक एक्सरेत आडवं येत नाही, त्यामुळे मागे हाड जुळतंय का ते दिसतं, पण हाड त्याला चिकटत नाही. टायटॅनियमला चिकटतं, पण धातू कडक, मऊ हाडात रुतू शकतो, आणि एक्सरेत मागचं झाकतो. वर प्लेट लावायची की नाही, हे किती पातळ्या आहेत त्यावर. यापलीकडे यात रुग्णाने झोप घालवावी असं काही नाही.

तुलनेच्या गटातल्या त्या दान केलेल्या हाडाच्या कडीकडे मात्र परत जाऊ, कारण ती गोष्ट कर्जत लोकलच्या टप्प्यात आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून ऊतक पेढी आहे. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं. दान मिळालेलं हाड स्वच्छ करून, थंडीत सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. किरणांची सोय तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राने 1974 मध्येच उभी केली होती. सार्वजनिक पैशाने उभं राहिलेलं, आपल्या शेजारचं हे काम पर्यायी हाडावरच्या चर्चेत किती वेळा ऐकू येतं? माझ्या तरी कानावर फार कमी. त्याचा विक्री प्रतिनिधी नसतो, त्याच्या नावाची परिषदेत स्मरणिका निघत नाही. हाडदान हा शब्दसुद्धा आपल्याकडे रुळलेला नाही. नेत्रदान सगळ्यांना माहीत.

त्याच परळात, केईएममध्ये, डॉ. अतुल गोयल यांनी मानेचा अगदी वरचा सांधा, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याचा, प्लेट आणि स्क्रूने बांधण्याची पद्धत विकसित केली. डॉ. लाहेरी यांच्यासह 1994 मध्ये ती छापली, 2002 मध्ये 160 रुग्णांचा अनुभव लिहिला. मधे 2001 मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी वेगळ्या स्क्रूने तसंच काही मांडलं, आणि जगात आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. महापालिकेच्या रुग्णालयात, गर्दीत, हे झालं याचा अभिमान वाटतो. पण समीक्षकाने अभिमानापाशी थांबू नये. झिजेने दबलेल्या मज्जारज्जूच्या आजाराचं मूळही अस्थिरतेत आहे, तेव्हा दाब न काढता फक्त बांधावं, हा गोयल यांचा पुढचा सिद्धान्त मला तितका पटत नाही. मुख्यतः एका केंद्राच्या अनुभवावर तो उभा आहे, चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेवर नाही. कंपनीच्या निबंधाला जो नियम लावला तोच आपल्या माणसालाही लावायचा.

पैशाचं थोडक्यात. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटची आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत केंद्राने बांधून दिली. त्या दोन आदेशांत मानेचा पिंजरा नव्हता, पर्यायी हाड तर नव्हतंच. आरोग्य योजना मात्र आपल्या जिल्ह्यात फार लवकर आली. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते ती योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी म्हणून ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. योजनेत ऑपरेशनची रक्कम ठरलेली असते, त्यामुळे महागडी पुटी भरण्याचं आकर्षण आपोआप कमी होतं. उलट धोका तिथे दुसरा, की घाईत कमरेचं हाड घेतलं जाईल. म्हणून प्रश्न दोन्हीकडे विचारायचा, फक्त उलटा. खासगीत ‘हे का घालताय?’ आणि योजनेत ‘कंबर का कापताय?’

जाता जाता मशेरीचं. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर लागतो, यावर बहुतेकांचं एकमत आहे, आणि त्या निबंधांत रुग्ण सिगारेट ओढतो का हे विचारतात. मशेरी लावता का, असं त्यांत कोण विचारणार? निकोटीन तेच. मानेच्या ऑपरेशनला निघालेल्या आजीला कुठला पिंजरा बसवणार याची चर्चा तासभर होते आणि तिच्या पदराच्या गाठीतली डबी कुणी पाहत नाही.

शेवटी एक काम सांगतो, ते इथेच करता येतं. पिंजरा, प्लेट, पर्यायी हाड, प्रत्येकाच्या पाकिटावर लॉट नंबरचा स्टिकर असतो आणि तो केसपेपरवर डकवतात. घरी जाण्याआधी त्या पानाची झेरॉक्स मागून घ्या. आणि वर्षाने, हात बरा असला तरी, कर्जतला किंवा खोपोलीत मानेचे दोन एक्सरे काढा. बाजूने, एक मान जपून पुढे वाकवून, एक मागे नेऊन. मधली फट हलत नसेल तर हाड जुळलं असं समजायला आधार मिळतो. ते फोटो सर्जनकडे पाठवा. अभ्यासांतून जे रुग्ण गळतात ते बहुतेक दूरच्या गावचे असतात, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी परवडत नाही म्हणून. त्यांचं हाड जुळलं की नाही हे कुठल्याच टक्क्यात येत नाही.

आता प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.